जेवण आहे, बसा

तालुक्याच्या गावी माणूस उपाशी राहत नाही. एसटी स्टँडसमोर तीन हॉटेलं असतात. त्यांतल्या दोहोंचं नाव एकच असतं, फक्त एकाच्या आधी 'न्यू' लावलेलं असतं. मालक सख्खे भाऊ असतात आणि त्यांचं बोलणं बंद असतं. शेजारी परमिट रूम असते. तिच्या दाराशी चायनीजची गाडी असते आणि गाडीवर रंगाऱ्याने पाटलाच्या मिशांचा ड्रॅगन काढलेला असतो. रात्री लॉजवर उतरणाऱ्याला एवढं पुष्कळ झालं.

तरीही फिरतीवरचा जाणता माणूस हे सगळं ओलांडून बोळात शिरतो. औषध कंपनीचा एमआर शिरतो, कोर्टाच्या तारखेला आलेला पक्षकार शिरतो, कृषी खात्याचा कारकून शिरतो. माझी सारी नोकरी बँकेतल्या तपासणीची, म्हणजे दर काही दिवसांनी नवा तालुका आणि नवी शाखा. शाखेचे मॅनेजर पहिल्या दिवशी दुपारी हटकून विचारायचे, "साहेब, हायवेला चांगलं एसी हॉटेल झालंय, जाऊ या?" तपासणी अधिकाऱ्याला पनीर खाऊ घातलं की तो थकीत कर्जाची यादी जरा लवकर उलटतो, असा बँकिंगमध्ये समज आहे. मी म्हणायचो, इथे खानावळ कुठे आहे? मॅनेजरांचा चेहरा पडायचा. त्यांना वाटायचं, माणूस कडक आहे. मी कडक नव्हतो, मला फक्त आमटी हवी असायची.

हॉटेलात गिऱ्हाईक राजा असतो म्हणतात. खानावळीत तो भाचा असतो. भाच्याला पोटभर जेवायला मिळतं, पण काय जेवायचं हे त्याला कोणी विचारत नाही. उशीर झाला तर बोलणी खावी लागतात, ताटात टाकलं तर त्याहून जास्त. 'बारीक झालास' हे ऐकून घ्यावं लागतं, वजन वाढलेलं असलं तरी. आणि चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला, ज्याच्या घरी आता त्यालाच सगळे 'काय करू या?' म्हणून विचारतात, त्याला हे इतकं हवंहवंसं वाटतं की तो त्यासाठी रोख पैसे मोजायला तयार असतो.

आधी खानावळ सापडायला हवी. लॉजच्या मॅनेजरला विचारून उपयोग नाही. खालच्या हॉटेलवाल्याशी त्याचा काही समझोता असतो. "साहेब, या गावात तसं काही नाही" असं तो छातीठोक सांगतो आणि दीड वाजता त्याच खानावळीत आपल्या शेजारी येऊन बसतो. विचारायचं ते मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला, कोर्टातल्या बेलीफला, नाहीतर पंचायत समितीच्या शिपायाला. कुठली फाईल कुठल्या टेबलावर आहे हे शिपायाला ठाऊक नसेल, पण आज कोणाकडे डाळिंब्यांची उसळ आहे हे त्याला सकाळी दहालाच कळलेलं असतं.

पुढचं काम बाणांचं. पत्र्याची पिवळी पाटी असते, त्यावर लाल अक्षरांत 'घरगुती जेवण मिळेल', खाली बाण. बाणाने गेलं की पिठाची गिरणी, मग दत्ताचं देऊळ, मग दुसरा बाण, मग रस्त्यात बसलेली गाय, जिला कोणी उठवत नाही. तिसऱ्या बाणाचा एक खिळा मागच्या पावसाळ्यात निघालेला असतो, त्यामुळे तो सरळ एका गुरुजींच्या घरात नेतो. गुरुजींना सवय झालेली असते. आपण कडीला हात लावायच्या आत आतून आवाज येतो, "मागच्या बाजूला!"

मागच्या बाजूला चपलांचा ढीग असतो. चपलांवरून आत कोण आहे ते कळतं. पॉलिश केलेले बूट म्हणजे एमआर, मागची टाच दुमडलेले बूट म्हणजे शिक्षक, आणि सगळ्यांत आत, भिंतीला लागून नीट जोडीने ठेवलेल्या कोल्हापुरी म्हणजे काका. काका हे खानावळ चालवणाऱ्या काकूंचे यजमान. एसटीतून किंवा साखर कारखान्यातून रिटायर झालेले असतात आणि या घरात बिनखात्याचे मंत्री असतात. सिलिंडर आणणं, दळण आणणं आणि दर दहा मिनिटांनी "अगं, त्यांना वाढ" असं म्हणणं एवढं त्यांच्याकडे असतं. ते म्हणायच्या आधीच वाढून झालेलं असतं.

आपण हात धुऊन, बेसिनवरच्या आरशाला चिकटवलेल्या टिकल्यांमधून स्वतःचा चेहरा शोधून, खुर्चीवर बसतो आणि शहरातल्या सवयीने विचारतो, "आज काय आहे?"

"जेवण आहे. बसा."

या उत्तरात सगळी खानावळ आली. शहरात चार माणसं जेवायला बसली की अर्धा तास मेनूकार्डाचं पारायण होतं. एकाला ग्रेव्ही रेड नको असते, एकाला जैन हवं असतं, एक जण वेटरला "तुम्ही काय सजेस्ट कराल?" विचारतो, आणि शेवटी सगळ्यांसाठी व्हेज कोल्हापुरी येतं, जे कोल्हापुरात कोणी ओळखत नाही. खानावळीत निवडायची असते ती फक्त मेथी, आणि ती काकूंनी काल रात्री मालिका बघता बघता निवडलेली असते. आपलं काम फक्त जेवायचं. ज्याला दिवसभर सही करण्याआधी विचार करावा लागतो, त्याला दुपारी एक ते दीड विचार न करण्याची ही सोय म्हणजे अर्धी पगारी रजा.

पण मेनू नाही म्हणजे नियम नाही असं समजू नये. काकूंची भाजी आठवडी बाजाराने बांधलेली असते. समजा गावचा बाजार बुधवारी. मग बुधवारी रात्री आणि गुरुवारी पालेभाजी येणारच, कारण ती टिकत नाही. शुक्रवारी वांगी, गवार. शनिवारी दोडका, कोबी. रविवारचं वेगळं, ते पुढे सांगतो. सोमवारी पिशवीत बटाटे उरतात. मंगळवारी पिशवीतच काही उरत नाही, म्हणून आदल्या दिवशी भिजत घातलेली मटकी येते. आणि बुधवारी दुपारी, नवा बाजार घरात यायच्या आत, पिठलं. हे गणित मी इतक्या गावांत ताडून पाहिलं की पुढे पुढे अनोळखी गावातलं पहिलं ताट बघून मी बाजाराचा वार सांगायला लागलो. काकू चकित व्हायच्या. शाखेतले लोक तर मला भविष्य कळतं असं समजायचे, आणि त्या धास्तीने व्हाउचरं आदल्या रात्रीच लावून ठेवायचे.

याच्यावर पंचांगाचा थर असतो. संकष्टीला निम्मे मेंबर उपवासाचे. कॅलेंडरात चंद्रोदय पावणेदहाचा असतो आणि काकूंना साडेनऊला ओटा धुवायचा असतो. सव्वानऊला त्या खिडकीतून बाहेर बघतात आणि जाहीर करतात, "आला चंद्र. बसा." एखादा नवखा ग्रामसेवक कॅलेंडर दाखवायला जातो. "ती वेळ मुंबईची आहे, भाऊसाहेब. आपण पूर्वेला. आपल्याकडे आधी उगवतो." भूगोल अगदी बरोबर आहे. फरक थोड्याच मिनिटांचा असतो, एवढंच काकू सांगत नाहीत.

मेंबर हा खानावळीचा कणा. आपल्यासारखे येणारे-जाणारे म्हणजे वरकड उत्पन्न. खरी खानावळ महिन्याच्या मेंबरांवर चालते: विदर्भातून बदलून आलेले गुरुजी, परजिल्ह्यातली नर्स, बँकेतला नवा क्लार्क, तलाठी आणि ग्रामसेवक. हे दोघेही भाऊसाहेब असल्यामुळे "भाऊसाहेबांना भात" म्हटलं की दोन ताटं पुढे येतात. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते. पंख्याखालची सगळ्यांत जुन्या मेंबराची. तिच्यावर नवखा बसला तर कोणी उठवत नाही. जुने मेंबर येतात, उभे राहतात, पाणी पितात, कॅलेंडर वाचतात, परत पाणी पितात. आमटीचा पहिला भुरका मारायच्या आत नवखा आपण होऊन उठतो.

आणि खाडे! ज्याने मेस लावली नाही त्याला खाड्यातलं राजकारण कळायचं नाही. गावाला गेलात तर जितके दिवस जेवला नाहीत तितक्यांचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा व्हायचे, तो खाडा. पण तो सलग तीन दिवसांचा हवा, आणि आदल्या रात्री सांगून गेलेला हवा. सकाळी फोन करून सांगितलेला चालत नाही, कारण कणीक मळून झालेली असते. ज्युनिअर कॉलेजातल्या एका गणिताच्या सरांनी महिन्याअखेर सगळे खाडे सूत्रात बसवून, वर्गमूळ वगैरे न काढता का होईना, काकूंकडूनच बाकी निघते असं कागदावर सिद्ध करून दाखवलं होतं. काकूंनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "सर, यात रविवारी तुमच्याबरोबर आलेले दोन मेहुणे कुठे दिसत नाहीत." सरांनी कागद परत घेतला. पुढच्या वर्षी त्याच सरांचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघायला काकूही गेल्या होत्या. मेंबर लग्न करून घर मांडतो तेव्हा काकूंचं एक ताट कमी होतं. तरी नव्या सूनबाईंना पहिल्या आठवड्यात निरोप जातो: त्यांना गवारीत गूळ लागतो.

आता वाढण्याकडे येऊ, कारण खानावळीची खरी सत्ता ओगराळ्यात असते. ताट समोर येतं तेव्हा त्यात मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे, हे बघून घ्यावं. हा क्रम चुकला असेल तर ती खानावळ नव्हे, हॉटेल आहे. मग गरम पोळी येते. ती येण्याची वेळ काकू स्वयंपाकघरातून, भिंतीच्या पलीकडून, आपण किती खाल्लं हे न बघता ठरवतात आणि ती कधी चुकत नाही. मी हे बरेचदा तपासलं आहे. तपासणं हाच माझा धंदा. माणूस दारातून आत आला की काकू त्याच्याकडे एकदा बघतात. त्या एका नजरेत त्याच्या पोळ्या ठरतात. हडकुळा इंजिनिअरिंगचा पोरगा: आठ. ढेरपोट्या ठेकेदार: तीन, कारण तो संध्याकाळी दुसरीकडे जेवणार आहे. पोटभर जेवण एकाच दरात देणं परवडतं कसं, याचं उत्तर या नजरेत आहे. ठेकेदार पोराचं बिल भरतो आणि दोघांनाही ते माहीत नसतं.

आग्रह असतो, पण त्याला वेळ असते. साडेबाराला "अजून एक घ्या" हा आग्रह असतो. पावणेदोनला तोच "अजून एक घेणार का?" असा प्रश्न होतो. दोन वाजता काकू नुसतं बघतात.

ताटात टाकणं मात्र कुठल्याच वेळी चालत नाही. भिंतीवर लिहिलेलं असतंच, 'ताटात अन्न टाकू नये', आणि शेजारी 'ताटात हात धुऊ नयेत', आणि 'उधारी बंद' ही पाटी, जिच्या खालीच काका उधारीची वही घेऊन बसलेले असतात. एका गावी मी तहसीलदारांच्या शेजारी जेवलो. ज्यांच्या दालनाबाहेर अर्धा तालुका अर्ज घेऊन ताटकळतो, ते तहसीलदार. त्यांनी भाजी बाजूला सारली होती.

"साहेब, ते राहिलंय."

"जरा कडू आहे, काकू."

"कारलं आहे ते. कडू नसतं तर दुधी म्हटलं असतं."

तहसीलदारांनी कारलं खाल्लं. आजूबाजूच्या दोन्ही भाऊसाहेबांनी ताटात मान घातली होती, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. नंतर मी बघितलं तर तहसीलदारही खूश दिसत होते. त्यांना असं कोणी बोललं त्याला बरीच वर्षं झाली असणार.

उलट, पोट बिघडलेला माणूस काही न बोलता नुसता आत आला तरी त्याच्या पुढे मऊ भात, तूप, मेतकूट आणि ताक येतं. कसं कळलं म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, "काल तुम्ही स्टँडवरची भजी खाल्लीत." तालुक्याच्या गावात गुपित राहत नाही. माझ्या तपासणीला हे फार उपयोगी पडायचं. शाखेत सगळे कर्जदार कागदावर सुस्थितीत असायचे. खानावळीत मात्र आमटी वाढता वाढता कळायचं की अमक्याचा ट्रॅक्टर केव्हाच ओढून नेला आणि तमक्याची डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली. माझे अर्धे शेरे त्या सनमायकाच्या टेबलावर तयार झाले. हेड ऑफिसला वाटायचं, माणूस फार खोलात जातो.

काकूंचा हा दरारा आला कुठून? तो चवीतून आलेला नाही. चव बऱ्याच जणींच्या हाताला असते आणि त्यांचं घरात कोणी ऐकत नाही. तो वहीतून, म्हणजे धंद्यातून आलेला आहे. खानावळ हा मराठी बाईला, त्यातही अडचणीत सापडलेल्या बाईला, हाताशी असलेल्या भांडवलावर काढता येणारा धंदा होता, आणि ते भांडवल म्हणजे चूल आणि हात. नवरा गेला, नोकरी गेली, जमीन भावकीत अडकली की घराच्या पडवीत चार पाट मांडले जायचे. त्याआधीच्या काळात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे: सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. नाहीतर माधुकरी मागायचे. तिथे जेवण मिळे, पण मिंधेपणाही ताटात येई. खानावळीने मिंधेपणा काढला आणि बोलणी तेवढी ठेवली.

मुंबईच्या गिरणगावात हे सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर घडलं. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून यायचा, आठ-दहा जणांत मिळून एक खोली घ्यायचा आणि जेवायला चाळीतल्या एखाद्या बाईकडे जायचा. पैसे पगाराला. तोवर ती बाई वाण्याकडून उधारीवर धान्य आणणार, वाणी चढा भाव लावणार, आणि सावकाराकडे दागिना जाणार. या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली. बँकेतला माणूस म्हणून सांगतो, तारणात दाखवायला काही नसलेल्या बाईला कर्ज देताना बँकेचा हात किती थरथरतो ते मला माहीत आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्या नाहीत, मेंबर गावी परतले. वह्यांतली बाकी वह्यांतच राहिली.

जेवू घालण्याच्या धंद्यात पुरुषही उतरले. पुण्यात मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी 1935 साली पूना गेस्ट हाऊस काढलं. चित्रपट चालेल की पडेल सांगता येत नाही, वरण-भात पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

सरकारनेही या धंद्यात दोनदा हात घालून पाहिला. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. करोनाच्या दिवसांत या थाळीने पुष्कळांना तगवलं, तिची चेष्टा करणार नाही. पण शासन निर्णयात चपातीचं वजन ग्रॅममध्ये लिहिलं की आग्रह बंद होतो. "एवढंसंच?" हे वाक्य कुठल्याही जीआरमध्ये बसवता येत नाही.

जिल्हा बदलला की काकूंचा सूर बदलतो. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आधी येते आणि बाकीचं मागून. कोल्हापुरात पांढरा रस्सा वाटीने मागितला तर वाढणाऱ्याला वाईट वाटतं, तो पातेलं घेऊन आलेला असतो. जळगावकडे थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते, तिच्यापुढे उरलेली थाळी निव्वळ औपचारिक. नागपुरात सावजी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून रस्त्यावर आलेला तो काळपट रस्सा, पहिल्या घासाला कान गरम करतो. तिथे पाणी मागू नये, पोळी मागावी. मालवणात जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमई मागणाऱ्या पर्यटकाला मावशी सुक्या बांगड्याची किसमूर वाढते आणि चूक कोणाची आहे हे नजरेने सांगते. गुहागर-दिवेआगरकडे सकाळी फोन करून 'किती माणसं' सांगावं लागतं, आणि मोदक किती हे आपण सांगायचं नसतं, माणसांवरून तिथेच ठरतं. गोव्यात शीत-कडी झाली की माणसं बोलायची थांबतात, म्हणून गोव्याविषयी मीही थांबतो.

या सगळ्याचं यश बघून हायवेवरच्या हॉटेलवाल्यांना जाग आली. आता घाट उतरला की दर अर्ध्या किलोमीटरला 'गावरान', 'चुलीवरचं', 'आईच्या हातचं'. दारात बैलगाडीचं चाक, आत कंदिलात एलईडीचे दिवे, नऊवारीतल्या मुली वाढायला आणि दोनशेच्या वर पदार्थांचं मेनूकार्ड. कुठल्या आईने एका दुपारी दोनशे पदार्थ केले होते, हे मालकाने एकदा सांगावं. चुलीचं तर विचारूच नका. तालुक्याच्या कुठल्याही खऱ्या खानावळीत मी गेल्या कित्येक वर्षांत चूल पाहिली नाही. काकूंकडे चार शिट्ट्यांचा कुकर आणि मोठा मिक्सर असतो. चुलीपुढे डोळे चोळत आयुष्य काढलेल्या सासूला विचारलंत, तर ती चुलीवरच्या जेवणाची चव सांगणार नाही, धूर सांगेल.

काकू शेगडी मात्र जपून पेटवतात. घरगुती गॅसचा लाल सिलिंडर 14.2 किलोचा, धंद्याचा निळा 19 किलोचा आणि महाग. लाल सिलिंडर धंद्याला वापरला तर गुन्हा. म्हणजे घरगुती जेवण घरगुती गॅसवर शिजवायला या देशात कायद्याने बंदी आहे. पुरवठा विभागाचे इन्स्पेक्टर हे काकूंच्या खानावळीत जेवता जेवता समजावून सांगतात आणि दुसऱ्यांदा भात घेतात.

जेवण झालं की पैसे. पूर्वी बिस्किटांच्या डब्यात टाकायचे आणि सुटे आपणच काढून घ्यायचे. आता देव्हाऱ्याच्या शेजारी क्यूआर कोड आहे आणि त्याखाली तो बोलका डबा, जो मिळालेली रक्कम गावाला ऐकू जाईल अशी सांगतो. काकूंना वाचायचा चष्मा लावायचा कंटाळा. "ती बाई ओरडल्याशिवाय उठू नका," असं त्या सांगतात. नेटवर्क नसलं की बाई ओरडत नाही, आपण बसून राहतो, आणि बसलेला माणूस दिसला की काकू सवयीने ताक वाढतात. मी एकदा असं इतकं ताक प्यालो की दुपारची तपासणी साडेतीनला सुरू झाली. मॅनेजरांनी त्या दिवशी काकूंना दुवा दिला असणार.

एवढं सगळं वाचून कोणाला जावंसं वाटलं, तर दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. साडेबारा ते एकमध्ये पोचा. पंख्याखालची खुर्ची सोडा. कारलं असेल तर आधी खाऊन टाका. रविवारी दुपारी जमलं तर नक्की जा, कारण त्या दुपारी फीस्ट असते: पुरी, मसालेभात, श्रीखंड नाहीतर गुलाबजाम, सामिष खानावळीत मटण. मेंबर दोन दिवस आधीपासून कमी जेवत असतात आणि त्या दुपारी काकूंची नजरही माणशी पोळ्या मोजत नाही.

रविवारी रात्री मात्र जाऊ नका. महाराष्ट्रातल्या बहुतेक सगळ्या खानावळी रविवारी रात्री बंद असतात. आठवड्यातली ती एकच रात्र काकूंची. मेंबर वडापाव नाहीतर बिस्किटं खाऊन झोपतात. काकू काकांच्या मागे स्कूटरवर बसून हायवेच्या त्या बैलगाडीच्या चाकाच्या हॉटेलात जातात आणि मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून पनीर बटर मसाला आणि बटर नान मागवतात. आठवडाभर घरचं खाऊन कंटाळा येतो, असं त्यांचं म्हणणं आहे.